मिठाला पाणी सुटलं की…

३ जून २०२० ला दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोलमडले आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक वाड्यांमध्ये पुढचे काही आठवडे वीज आली नाही. वीज गेल्यावर बंद दाराचा फ्रीज जेमतेम चार तास दम धरतो. गच्च भरलेला डीप फ्रीझर फार तर दोन दिवस. त्यानंतर घरात खायला उरतं ते फ्रीज नव्हता तेव्हाही होतं तेच. माळ्यावरचे डबे.

कोकणात याला आगोटीची बेगमी म्हणतात. आगोट म्हणजे पावसाळ्याचं तोंड. मे महिन्याच्या उन्हात उकडा तांदूळ, कुळीथ, आमसुलं, फणसपोळी, सांडगी मिरच्या, पापड, सुके बोंबील, सोडे, जवळा असं सगळं वाळवून घरात घ्यायचं. या यादीत काय समान आहे असं विचारलं तर कुणीही सांगेल, पाणी काढून टाकलेलं. उत्तर बरोबर आहे, पण पुरतं नाही. मोरांब्यात शेंगदाण्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी असतं. तरी मोरांबा वर्षभर टिकतो आणि नीट न वाळलेल्या शेंगदाण्याला पंधरा दिवसांत बुरशी धरते.

म्हणजे पाणी किती आहे, यापेक्षा त्यातलं मोकळं किती आहे हे महत्त्वाचं. साखर आणि मीठ पाण्याचे रेणू धरून ठेवतात, मग ते जिवाणूंच्या कामाचे राहत नाहीत. १९५३ मध्ये ऑस्ट्रेलियातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी जिवाणूंची वाढ या मोकळ्या पाण्याशी कशी बांधलेली असते ते मोजून दाखवलं. त्याचं माप म्हणजे वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी, शून्य ते एक अशा पट्टीवर. शुद्ध पाणी १. साधारण ०.९१ च्या खाली बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते. अन्नातून विषबाधा करणारा स्टॅफिलोकोकस चिवट, तो ०.८६ पर्यंत तग धरतो. बुरशी त्याहून चिवट. नेहमीच्या बुरश्या ०.८ ते ०.७ च्या दरम्यान हार मानतात. ०.६ च्या खाली काहीच वाढत नाही.

आता यातली खरी गंमत. एखादा पदार्थ बंद डब्यात ठेवला की त्याच्या भोवतालच्या हवेची आर्द्रता हळूहळू त्याच्या वॉटर अ‍ॅक्टिव्हिटीइतकी होते. ०.७ असेल तर ७० टक्के. आणि डबा उघडा असेल तर उलट घडतं, पदार्थच हवेच्या मागे जातो. जुलैत कोकणातली हवा बऱ्याचदा ८५ टक्क्यांच्या वर असते. म्हणजे मे महिन्यात कडकडीत वाळवलेला पापड उघड्यावर राहिला तर तोही ०.८५ च्या दिशेनं निघतो. यालाच आपण सादळणं म्हणतो. पापड मऊ पडला एवढ्यावर भागत नाही, तो बुरशीच्या टप्प्यात शिरलेला असतो. बेगमीचं अर्धं काम उन्हाचं असेल, तर उरलेलं अर्धं झाकणाचं.

माझी आत्या मिठाच्या बरणीकडे बघून पावसाचा अंदाज सांगायची. मिठाला पाणी सुटलं की सांडग्यांचे डबे उघडायला बंदी. तिला आकडा माहीत नव्हता, पण शुद्ध मीठ बरोबर ७५ टक्के आर्द्रतेला विरघळू लागतं. स्वयंपाकघरातलं याहून स्वस्त आर्द्रतामापक मला माहीत नाही. (खडेमीठ मात्र याला चालत नाही. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते फार आधीच पाझरायला लागतात.)

याच आकड्यावर धान्याची एक जुनी, सोपी परीक्षा उभी आहे. दोन-तीन चमचे बारीक मीठ तव्यावर चांगलं सुकवून घ्या. कोरड्या काचेच्या बाटलीत एक तृतीयांश तांदूळ भरा, मीठ टाका, बूच घट्ट लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्यात साधारण १५ टक्क्यांहून जास्त ओल आहे, पुन्हा उन्हात घाला. मीठ सुटं खाली पडलं तर डबा भरायला हरकत नाही. ऊन दिलेलं धान्य गरम असताना मात्र भरू नका. त्यातली वाफ गार झाकणाला लागून थेंब होते, आणि बुरशी तिथूनच उतरते.

बुरशीच्या बाबतीत मी जरा कडक आहे. वरचा थर पुसून, ऊन दाखवून शेंगदाणे किंवा मका वापरायची सवय अजून घराघरात दिसते. अ‍ॅस्परजिलस फ्लेवस या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतावर हल्ला करतं आणि भाजून किंवा शिजवून ते पुरतं जात नाही. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत अवकाळी पावसानं भिजलेला मका खाऊन शंभराहून जास्त माणसं दगावली होती. हिरवट, सुरकुतलेला, कडू दाणा सरळ फेकायचा.

लोणच्याचं गणित वेगळं. तिथे मिठाच्या जोडीला आंबटपणा असतो. आम्लता मोजणारा पीएच (आंबटपणा जितका जास्त, तितका हा आकडा कमी) ४.६ च्या खाली गेला की बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जिवाणू वाढत नाही, आणि कैरी-लिंबाचं लोणचं त्याच्या बरंच खाली असतं. वरचं तेल हवा अडवून बुरशी रोखतं, इतकंच. म्हणून नुसत्या तेलात सोललेला लसूण बुडवून महिनाभर बाहेर ठेवणं धोक्याचं. हवा नाही, आंबट नाही, त्या जिवाणूला हवं तसं घर.

सुके मासे पूर्वी चुलीवरच्या माळ्यावर असत. धुराचा उपयोग होताच, पण मुख्य म्हणजे चुलीच्या उबेनं तिथल्या हवेची सापेक्ष आर्द्रता खाली राही. गॅस आला आणि ती जागा गेली. आता घट्ट झाकणाच्या बरणीला पर्याय नाही. किडीला मात्र कोरडेपणा पुरत नाही. तुरीच्या डाळीला एरंडेल चोळलं की दाण्यावर घातलेली अंडी जगत नाहीत. पोरकिड्यांसाठी डबा काठोकाठ भरून हवाबंद करणं बरं, आतला ऑक्सिजन संपत जातो.

वादळासाठी आणखी एक गोष्ट बघावी लागते: न शिजवता काय खाता येईल? लाकडं भिजलेली, सिलिंडर संपत आलेला. पोहे इथे उजवे ठरतात. भात, म्हणजे टरफलासकटचा तांदूळ, भिजवून, भाजून, चेपलेला असल्यानं त्यातला स्टार्च आधीच शिजलेला असतो, पाण्यात भिजवले की झालं. मेतकूट, भाजलेले चणे, चुरमुरे, गूळ, खजूर, दुधाची पावडर हे त्याच रांगेतले. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरून आधीच भरून ठेवा, कारण विजेबरोबर पंपही जातो.

आणि गव्हाचं काय, हा प्रश्न आमच्याकडे ‘निसर्ग’नंतर तिसऱ्या दिवशी पडला. अख्खा गहू वर्षभर टिकतो, कारण कोंभातलं तेल सालीच्या आत बंद असतं. दळलं की त्याला हवा लागते आणि पीठ महिना-दीड महिन्यात खवट व्हायला लागतं. म्हणून आम्ही शहाण्यासारखा सगळा गहूच भरून ठेवला होता. गिरणी विजेवर चालते हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माळ्यावरचं जातं खाली काढलं तर त्याचा खुंटा मोडलेला. अठरा दिवस आम्ही उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बोंबील खाल्ला. आता दर मे महिन्यात गव्हाच्या कोठीशेजारी पाच किलो पिठाचा डबा असतो.