गाडीचा रोबो, रोबोची गाडी : घेण्याआधी आणि खेळताना

हे माहितीपत्रक तुमच्या हातात आहे म्हणजे एकतर रोबो होणारी गाडी नुकतीच घरी आली आहे, किंवा घ्यायची की नाही यावरून घरात वाद चालू आहे. आम्ही ही खेळणी विकतो आणि मोडली की दुरुस्तही करून देतो. पुढचं सगळं दुरुस्तीच्या टेबलावर बसून लिहिलं आहे. गल्ल्यावर बसून लिहिलं असतं तर कदाचित वेगळं झालं असतं.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. गाडीचा रोबो करणं सोपं असतं, रोबोची परत गाडी करणं अवघड. रोबोचा हात जरा वाकडा राहिला तर काही बिघडत नाही, उलट तो ऐटीत उभा आहे असं वाटतं. पण गाडी करताना तोच हात छताखाली मिलिमीटरभर वर राहिला, की बॉनेट बसत नाही. बॉनेट बसलं नाही की दारं मिटत नाहीत. मग कोणीतरी अंगठ्याने दाबतं. आमच्याकडे येणारी बहुतेक खेळणी या परतीच्या प्रवासात मोडलेली असतात. म्हणून विकत घेताना नमुना उघडा असेल तर रोबो करून दाखवायला सांगू नका. रोबोची गाडी करून दाखवा म्हणा. दाखवणाऱ्याला घाम फुटला, तर तुमच्या सहा वर्षांच्या मुलाचं काय होणार ते तिथेच कळेल.

खोक्यावर काय वाचायचं

वयाचा आकडा आणि पायऱ्यांचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही’ ही सूचना मुलाच्या हुशारीबद्दल नसते, घशाबद्दल असते. खेळण्यांच्या सुरक्षा तपासणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक छोटं नळकांडं वापरतात. लहान मुलाचा घसा पूर्ण ताणला तर साधारण जेवढा होईल, तेवढं त्याचं माप. जो सुटा भाग त्यात पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालच्या मुलासाठी धोक्याचा. रोबोची बंदूक, तलवार, छोटं क्षेपणास्त्र यांतलं बरंच काही त्यात आरामात मावतं. ‘आमचा फार हुशार आहे, त्याला चालेल’ असं म्हणणारे आई-बाबा रोज भेटतात. हुशारीचा इथे काही उपयोग नाही. घरात रांगणारं धाकटं भावंड असेल तर मोठ्याच्या खेळण्यातली शस्त्रं मोजून डब्यात ठेवा.

पायऱ्यांचा आकडा मात्र बोटांबद्दल असतो. बऱ्याच कंपन्या ‘इतक्या पायऱ्यांत रूपांतर’ असं खोक्यावर छापतात. एका खटक्यात होणाऱ्या किंवा चार-सहा पायऱ्यांच्या गाड्या चार-पाच वर्षांच्या मुलांना छान जमतात. दहा-पंधरा पायऱ्या आठ वर्षांच्या आसपास. वीसच्या पुढे गेलात तर पहिले काही दिवस मोठं माणूस शेजारी बसलेलं बरं. आकडा मोठा म्हणजे खेळणं भारी, असंही नाही. दोन्ही हात फिरवणं ही एक पायरी की दोन, हे ज्याचं तो ठरवतो.

आकाराने तर अजिबात फसू नका. मुठीएवढ्या रोबोची बिजागरी इतकी बारीक असते की नखाशिवाय उचलत नाही. नेहमी दिसणाऱ्या मापांत ‘डिलक्स’ म्हणजे साधारण १४ सेंटिमीटर उंचीचा रोबो आणि ‘व्हॉयेजर’ म्हणजे साधारण १८. पहिल्यांदाच घेत असाल आणि मूल सात-आठ वर्षांचं असेल, तर आम्ही साध्या रचनेचा डिलक्स सुचवतो. हातात मावतो, पकडायला जागा असते, आणि मोडला तरी घरात सुतक पडत नाही.

‘ट्रान्सफॉर्मर आहे का?’

सगळे असंच विचारतात. आजोबा मंडळींना हा शब्द ऐकला की विजेच्या खांबावरची डीपीच आठवते, ते वेगळं. पण ट्रान्सफॉर्मर्स हे एका विशिष्ट मालिकेचं नाव आहे, रूपांतर होणाऱ्या प्रत्येक गाडीचं नाही. जपानच्या ताकारा कंपनीने १९८० मध्ये डायक्लोन नावाची खेळणी काढली. त्यांतल्या गाड्यांमध्ये बसायला चिमुकले चालक असत आणि त्यांच्या पायांत लोहचुंबक असे. ही खेळणी आणि ताकाराचीच मायक्रो चेंज ही मालिका अमेरिकेच्या हॅस्ब्रोने घेतली, रोबोंना नवी नावं आणि स्वभाव दिले आणि १९८४ मध्ये ट्रान्सफॉर्मर्स म्हणून बाजारात आणलं. त्याच सुमारास जपानच्याच बांदाई कंपनीची मशीन रोबो ही खेळणी अमेरिकेत टोंका कंपनी गोबॉट्स या नावाने विकत होती. पुढे १९९१ मध्ये हॅस्ब्रोने टोंकाच विकत घेतली.

हे सांगायचं कारण म्हणजे मुठी. १९८४ च्या ट्रान्सफॉर्मर्समधल्या ऑप्टिमस प्राइम या प्रसिद्ध लाल ट्रकच्या रोबोच्या मुठी सुट्या असत. ट्रक करताना काढून ठेवायच्या, रोबो करताना परत बसवायच्या. त्या किती जणांच्या हरवल्या असतील याचा हिशेब नको. आजही काही गाड्यांमध्ये छत, पंख किंवा मागचा बंपर काढून रोबोच्या पाठीला अडकवावा लागतो. विकत घेताना एवढं नक्की विचारा : रूपांतर करताना काही सुटं होतं का? होत असेल तर लहान मुलासाठी दुसरी गाडी बघा. ज्या गाडीत सगळं जिथल्या तिथे वळतं, ती चार वर्षांनीही अख्खी असते.

नक्कल ओळखणं फारसं अवघड नाही. खोकं उघडताच रसायनाचा उग्र वास, कडेला बोटाला टोचणारी प्लास्टिकची धार, आणि बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, वयाची सूचना यांतलं काहीच छापलेलं नाही, असं असलं की समजावं.

बटण दाबलं की आपोआप होणाऱ्या

रिमोटवर पळणाऱ्या आणि स्वतःच उभ्या राहणाऱ्या गाड्या आम्हीही ठेवतो, कारण मागणी असते. आमचं स्पष्ट मत मात्र असं, की त्यात खेळणं खेळतं आणि मूल बघत बसतं. घेतलीच तर मोटर चालू असताना किंवा अर्ध्यात थांबली असताना हाताने ओढू नका. आतले गिअर प्लास्टिकचे असतात, त्यांचे दात जातात. गालिच्यावर चालवली की आसाला केस आणि दोरे गुंडाळले जातात, ते महिन्यातून एकदा चिमट्याने काढा.

रिमोटमध्ये बटणासारखी चपटी बॅटरी असेल तर तिच्या झाकणाला स्क्रू आहे ना, हे घेतानाच बघा. ही बॅटरी गिळली गेली तर दोन तासांच्या आतही अन्ननलिका भाजू शकते. नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठा.

पहिल्यांदा उघडताना

सूचनांचा कागद फेकू नका. त्यातली चित्रं बारीक आणि बाण कुठून कुठे जातो ते कळणार नाही अशी असतात, हे मान्य. तरी क्रम त्यातच असतो, आणि या खेळण्यात क्रम हेच सगळं आहे. आमची युक्ती सोपी आहे : गाडीचा रोबो करताना प्रत्येक पायरीला मोबाइलवर एक फोटो काढा. परत गाडी करताना तेच फोटो उलटे बघत जा. आणि जमलं तर मूल झोपल्यावर एकदा स्वतः करून बघा. सकाळी तुमचा मान राहतो.

मागे एक लाल स्पोर्ट्स कार दुरुस्तीला आली. खांद्याची बिजागरी जिथे पारदर्शक काचेच्या भागाला जोडलेली, तिथे पांढरी रेघ उठली होती आणि पिनभोवती तडा गेला होता. त्या गाडीत कोपर पूर्ण दुमडून मूठ आत घ्यायची, मगच छत खाली येतं. मूठ बाहेरच राहिली होती. वडील म्हणाले, “मालच हलका आहे.” आठ वर्षांचा मुलगा शेजारी उभा होता. त्याने मूठ आत घेऊन दाखवली आणि म्हणाला, “मी सांगत होतो, पण बाबांनी दाबलं.”

ती पांढरी रेघ लक्षात ठेवा. प्लास्टिक ताणलं गेलं की मोडण्याआधी पांढरं पडतं. दिसली की तिथेच थांबा आणि एक पायरी मागे जा. आवाजही ओळखायला शिका. गुडघ्यातून ‘कट्-कट्-कट्’ येत असेल तर चांगलं आहे, आत दातेरी खटका आहे. खुंटी खाचेत बसली की छोटासा ‘टक्’ येतो. काही येत नाही आणि बोट दुखायला लागलंय, म्हणजे काहीतरी आड येतंय. जोर लावायची पायरी या खेळण्यात नसते. पारदर्शक भागांवर तर नेहमीपेक्षाही हलका हात ठेवा, ते वाकत नाहीत, सरळ तडकतात.

हात निघून आला तर घाबरू नका

गोळी-वाटीच्या सांध्याचा हात किंवा पाय ओढला की निघतो. तो मोडलेला नसतो, मोडू नये म्हणून तसा केलेला असतो. गोळी वाटीसमोर सरळ धरा आणि दाबा, बसते. हेच घेऊन धावत येणारे लोक आम्ही हसत परत पाठवतो, पैसे न घेता.

सांधा ढिला झाला आणि रोबो सारखा पाठीवर पडत असेल, तर गोळी काढून तिच्यावर रंग नसलेल्या नेलपॉलिशचा पातळ थर द्या, रात्रभर वाळू द्या, मग बसवा. ओला असताना बसवलात तर सांधा कायमचा चिकटेल. पटकन चिकटणारा गोंद सांध्याच्या आसपासही नेऊ नका. तो फटीतून आत जातो आणि फिरणारा भाग थिजतो. शिवाय काही सांधे अॅसिटल नावाच्या गुळगुळीत प्लास्टिकचे असतात, त्याला हा गोंद धरतही नाही. घट्ट सांध्यात शिलाई मशीनचं तेल घालू नका, काही प्लास्टिकला त्याने बारीक तडे जातात. सिलिकॉन ग्रीसचा ठिपका चालतो. मऊ तलवार वाकडी झाली असेल तर गरम पाण्यात अर्धा मिनिट धरून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा.

अंघोळीच्या बादलीत रोबो नको, पिना लोखंडी असल्या तर गंजतात. खिडकीतल्या उन्हात पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं.

जुना, वापरलेला रोबो घेत असाल तर मुठी आणि शस्त्रं आहेत का, बॅटरीच्या खोबणीत हिरवट थर आहे का, ते बघा. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून पुढची काही वर्षं वापरलेलं सोनेरी चकाकीचं प्लास्टिक आज हातात भुगा होतं. तशा रोबोचं रूपांतर करूच नका, उभा ठेवा.

दुरुस्तीला आणताना

तुटलेला प्रत्येक तुकडा एका पाकिटात घालून आणा, टाचणीएवढी पिनसुद्धा. घरी काही चिकटवू नका. आणि मोडला तेव्हा कोण खेळत होतं ते खरं सांगा, म्हणजे कुठल्या पायरीला मोडला ते लगेच कळतं. आम्ही घरी सांगत नाही.