थर की प्रस्तरभंग? नोरांडाच्या सल्फाइड धातुकांची पार्श्वभूमी

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील नोरांडा परिसरात १९२० च्या दशकात तांबे व सोन्याच्या खाणी उभ्या राहिल्या, तेव्हा तेथील सुमारे २७० कोटी वर्षे जुने ज्वालामुखी खडक केवळ यजमान, म्हणजे धातुक सामावून घेणारे, समजले जात. फार नंतर घुसलेल्या ग्रॅनाइटातील तप्त द्रावांनी प्रस्तरभंगांवाटे (ज्यांच्या बाजूंनी खडक सरकले आहेत अशा भेगांवाटे) वर येऊन सल्फाइड धातुके (धातू व गंधक यांच्या संयुगांचे साठे) घडवली, असे मत असल्याने शोधही भेगांचाच घेतला जाई.

पुढे पारडे थरांकडे झुकले. रायोलाइट व अँडेसाइट या दोन लाव्हा खडकांच्या ठरावीक सीमांवर, टफच्या (घट्ट झालेल्या ज्वालामुखी राखेच्या) पातळ पट्ट्यालगत, साठे वारंवार आढळू लागले. म्हणजे दोन उद्रेकांमधील शांत काळात ते समुद्रतळावर साचले होते. त्याच सीमेवर खोलवर विंधणे झाल्याने पृष्ठभागावर मागमूस नसलेले साठे १९६० च्या दशकात सापडले.

मात्र सीमा पातळी सांगते, जागा नाही. जागेसाठी पुढे आली ती ‘ज्वालामुखीसमकालीन प्रस्तरभंग’, म्हणजे उद्रेकांच्या काळातच सरकत असलेला प्रस्तरभंग, ही संज्ञा, आणि खरा गुंता तिचाच आहे. प्रस्तरभंगाच्या दोन बाजूंना एकाच लाव्हाथराची जाडी एकदम बदलणे, त्याला धरून भित्ती (भेगेत गोठलेल्या शिलारसाच्या उभट पट्ट्या) घुसलेल्या असणे, खालचा खडक तप्त द्रावांमुळे क्लोराइटमय (क्लोराइट या हिरव्या खनिजाने भरलेला) झालेला असणे आणि वरचे थर मात्र न सरकलेले असणे, हे पुरावे एकत्र मिळाले तरच ती वापरणे रास्त आहे. प्रत्यक्षात धातुकाजवळची रेषा म्हणून ती समकालीन आणि समकालीन म्हणून तिच्याजवळ धातुक, असा चक्राकार युक्तिवाद अनेक नकाशांत शिरला.

१९७९ मध्ये पूर्व पॅसिफिक उंचवट्यावर सुमारे ३५० अंश सेल्सिअस तापमानाचे काळे धुरांडे (समुद्रतळातून खनिजयुक्त काळे, तप्त पाणी सोडणारी तोंडे) दिसले आणि समुद्रतळावरील निर्मितीला जिवंत उदाहरण मिळाले. त्या उत्साहात एक गोष्ट मागे पडली: सगळे सल्फाइड उघड्या तळावर साचत नाही. १९९४ मध्ये मध्य अटलांटिक कटकावरील एका सल्फाइडच्या ढिगाऱ्यात विंधणे झाले, तेव्हा त्याची बरीच वाढ आतून, जुने तुकडे पुन्हा जोडले जात झाल्याचे दिसले. सच्छिद्र राखेच्या थरात द्राव आडवा पसरून खडकाची जागा घेऊ शकतो. तेथे प्रस्तरभंग वाट पुरवतो आणि थर साठवण. त्यातच नोरांडात नंतरच्या हालचालींनी त्याच जुन्या भेगा पुन्हा सरकवल्यामुळे वरचे थरही तुटले आहेत, आणि समकालीनतेचा सर्वांत भक्कम पुरावा नेमका तेथेच पुसला गेला आहे.