शालेय जिल्ह्याचे अधीक्षकपद : अमेरिकेतील स्त्रियांची वाटचाल

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शालेय जिल्ह्यातील सार्वजनिक शाळांचा कारभार पाहणारा मुख्य अधिकारी म्हणजे अधीक्षक (सुपरिंटेंडंट). हा जिल्हा महसुली नव्हे. एखादे शहर किंवा शेजारची चार गावे मिळूनही तो होतो. बहुतेक ठिकाणी स्थानिक शिक्षण मंडळ अधीक्षकाला कराराने नेमते. आपल्याकडील जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्याशी त्याची तुलना म्हणूनच वरवरची ठरते.

पहिली स्त्री अधीक्षक कोण, याबद्दल एकवाक्यता नाही. आयोवा राज्यातील मिचेल काउंटीत (काउंटी म्हणजे राज्याचा प्रशासकीय विभाग) ज्युलिया ॲडिंग्टन १८६९ मध्ये काउंटी अधीक्षक म्हणून निवडून आल्या. स्त्रीला हे पद धारण करता येते का, असा प्रश्न निघाला तेव्हा राज्याच्या महान्यायवादींनी त्यांच्या बाजूने अभिप्राय दिला. कायद्याने स्पष्ट मुभा मिळाली ती १८७६ मध्ये. काही लेखक मात्र हा मान फीबी सडलो यांना देतात. १८७४ मध्ये त्या त्याच राज्यातील डेव्हनपोर्ट शहराच्या अधीक्षक झाल्या. आधीच्या पुरुष अधीक्षकापेक्षा कमी पगार देऊ केल्यावर त्यांनी तो नाकारला आणि मंडळाला माघार घ्यावी लागली, असे सांगितले जाते. काउंटी अधीक्षक निवडणुकीने येई, शहराचा नेमणुकीने. पदे दोन मानली तर वाद उरत नाही आणि तेच अधिक सयुक्तिक दिसते.

हा भेद आकडेवारीतही महत्त्वाचा ठरतो. १९३० च्या सुमारास अधीक्षकांत स्त्रिया सुमारे ११ टक्के होत्या असे सांगतात, पण त्यांतील बऱ्याचशा काउंटी अधीक्षक होत्या. पुढे निवडणुकीने भरायची ही पदे कमी होत गेली. छोटे शालेय जिल्हेही एकत्र केले गेले : १९४० च्या सुमारास १,१७,००० च्या घरात असलेली त्यांची संख्या १९७० च्या दशकाच्या आरंभी १८,००० वर आली. तोवर स्त्रियांचे प्रमाण, गणनेच्या पद्धतीनुसार, एक ते साडेतीन टक्क्यांच्या दरम्यान घसरले होते. २००० मध्ये ते सुमारे १३, तर २०२० मध्ये २७ टक्क्यांच्या जवळपास आढळते. शिक्षकवर्गात मात्र स्त्रिया तीन-चतुर्थांशांहून अधिक आहेत.

मोठ्या शहराची पहिली स्त्री अधीक्षक म्हणून एला फ्लॅग यंग (१८४५–१९१८) यांचे नाव सर्वमान्य आहे. शिकागोत १८६२ पासून शिक्षिका, मग मुख्याध्यापिका, १८८७ पासून सहायक अधीक्षक. १८९९ मध्ये अधिकारांच्या केंद्रीकरणावरून त्यांनी राजीनामा दिला आणि शिकागो विद्यापीठात शिक्षणतत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्याकडे पीएच.डी. केली. नंतर अध्यापक विद्यालयाच्या प्राचार्या आणि १९०९ मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, शिकागोच्या अधीक्षक. डिसेंबर १९१३ मध्ये मंडळाने त्यांची फेरनिवड टाळली. इलिनॉयमधील स्त्रियांना त्याच वर्षी मर्यादित मताधिकार मिळाला होता. शहरात स्त्रियांनी सभा घेतल्या, महापौरांना मंडळाचे काही सदस्य बदलावे लागले आणि यंगबाई पदावर परतल्या. १९१५ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

अलीकडच्या अभ्यासांत पुरुषांची वाट साधारणतः अशी दिसते : हायस्कूल शिक्षक, बरेचदा खेळाचा प्रशिक्षकही, उपमुख्याध्यापक, हायस्कूलचा मुख्याध्यापक, अधीक्षक. स्त्रिया प्राथमिक शाळेत अधिक वर्षे शिकवतात आणि पुढे अभ्यासक्रम विभागातून मध्यवर्ती कार्यालयात येतात. प्राथमिक शाळेत उपमुख्याध्यापकाचे पद सहसा नसते, म्हणजे शिडीची पहिली पायरीच गायब. हायस्कूलचा मुख्याध्यापक मोठे अंदाजपत्रक हाताळतो. सामन्याच्या संध्याकाळी मैदानावर पालकांना आणि मंडळाच्या सदस्यांना भेटतो. अभ्यासक्रम संचालिकेचे काम अध्यापनाच्या अधिक जवळचे असते, पण ते फाइलींत राहते. अधीक्षकपदी स्त्रिया कमी का, याचे उत्तर देताना काही अभ्यासक घरच्या जबाबदाऱ्यांवर भर देतात. मंडळांच्या निवडपद्धतीचे कारण अधिक पटण्यासारखे आहे.

कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी व्हेल्मा डॉल्फिन ॲश्ली १९४४ पासून ओक्लाहोमातील बोली या कृष्णवर्णीयांच्या गावी अधीक्षक होत्या. शिकागोत शिक्षिका व मुख्याध्यापिका राहिलेल्या बार्बरा साइझमोर १९७३ मध्ये वॉशिंग्टन शहराच्या अधीक्षक झाल्या. मंडळाने त्यांना १९७५ मध्ये दूर केले.