सियाचीनच्या जवानाला म्हणे कोणी लाइक देत नाही

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर थंडीत एक फोटो येतोच. दाढीमिशीला बर्फ लटकलेला माणूस आणि खाली लिहिलेलं, की हा उणे ५० डिग्रीत तुमच्यासाठी उभाय, हिरोइनला लाखो लाइक अन याला एक पण नाही, खरे भारतीय असाल तर पुढे पाठवा. पहिल्यांदा आला तेव्हा मीपण जय हिंद टाकून मोकळा झालो होतो. नंतर कळलं की असल्या फोटोंपैकी काही रशियन सैनिकांचे आहेत, आणि एक तर अमेरिकेतल्या लेक सुपीरियरमध्ये ऐन हिवाळ्यात सर्फिंग करणाऱ्या माणसाचा आहे. म्हणजे जय हिंद कुणाला गेलं बघा!

पण फोटो खोटा निघाला की विषय संपला असं वाटतं ना, तिथंच आपण फसतो. समजा फोटो खरा असता, सियाचीनचाच, आपल्याच जवानाचा. तरी ती पोस्ट तुम्हाला घोळात घेतेच की. तिथले हाल खोटे नाहीत, २०१६ च्या फेब्रुवारीत साधारण साडेएकोणीस हजार फुटांवर हिमस्खलनात आपले दहा जवान गेले, त्यातला एक तर सहा दिवस बर्फाखाली राहून जिवंत सापडला होता आणि मग दवाखान्यात वारला. पण या हालांचा आणि तुमच्या फॉरवर्डचा संबंध काय? काहीच नाही. तो 'खरे भारतीय असाल तर' या चार शब्दांनी जोडलेला असतो. नाही पाठवलं तर तुम्ही कोण, हे न लिहिताच सांगून होतं. म्हणून खरं की खोटं हा एक प्रश्न आणि मॅनिप्युलेटिव्ह आहे का हा वेगळा.

हे शब्द उगाच निवडलेले नसतात. २०१७ मध्ये अमेरिकन संशोधकांनी ट्विटरवरच्या लाखो पोस्ट तपासल्या, विषय बंदुका, समलिंगी विवाह, हवामानबदल असे तिकडचे होते, पण निघालं ते आपल्यालाही लागू पडावं असं. राग, लाज, चांगलं-वाईट असं सगळं एकत्र पेटवणारा एकेक शब्द वाढला की पोस्ट साधारण २० टक्के जास्त पसरत होती. आता गद्दार, बदला, बलिदान हे शब्द त्यात बसवून बघा.

मग जोशाची प्रत्येक पोस्ट वाईट का? तर नाही. ७ मे २०२५ च्या पहाटे ऑपरेशन सिंदूरमध्ये भारताने पाकिस्तान आणि पाकव्याप्त काश्मीरमध्ये नऊ ठिकाणी हल्ले केले आणि लष्कराच्या अकाउंटवरून सांडलेल्या सिंदूराचं चित्र आलं, सोबत 'जस्टिस इज सर्व्ड, जय हिंद'. भावनेला हात घातलाय का? घातलाय, चांगलाच. पण बोलतंय कोण ते उघड आहे, कशासाठी बोलतंय तेही उघड आहे, आणि तुम्हाला अपराधी वाटवून काही करून घ्यायचं नाहीये. माझ्या मते हा प्रचार आहे, फसवणूक नाही. प्रचार ओळखून वाचला की झालं.

पुढच्या तीन-चार दिवसांत मात्र कहर झाला. फिलाडेल्फियात जानेवारीत पडलेल्या विमानाचा व्हिडिओ कराची बंदर म्हणून फिरला. पाकिस्तानकडून २०२१ मध्ये आपल्या पंजाबात मोगाजवळ पडलेल्या मिग-२१ चा फोटो पाडलेलं राफेल म्हणून आला, बैरूतचा २०२० चा स्फोट क्षेपणास्त्राचा म्हणून आला, व्हिडिओ गेमची दृश्यं तर नेहमीचीच. मोगाचा फोटो आपल्याला दोन मिनिटांत खोटा वाटला, कराचीवाला मात्र गोड लागला, मीसुद्धा दोनदा बघितला, खोटं कशाला बोला.

म्हणून माझी एक सोपी ट्रिक आहे, झेंडे बदलून वाचायचं. हीच पोस्ट, हाच फोटो, असाच 'विश्वसनीय सूत्रांकडून' आलेला मजकूर, पण पाकिस्तानी अकाउंटवरून आला असता तर मी कुठली तारीख विचारली असती, कुठला पुरावा मागितला असता? तेच आपल्या पोस्टला विचारायचं. जीवावर येतं, पण विचारायचं. आणि पाच जणांनी पाठवलं म्हणून खरं वाटत असेल तर ते पाच पुरावे नसतात, एकच गोष्ट परत परत ऐकली की ती जास्त खरी वाटायला लागते हे १९७७ मध्येच प्रयोगात दिसलंय. २०२१ च्या एका प्रयोगात तर ट्विटरवरच्या लोकांना एकाच भलत्याच बातमीबद्दल 'ही खरी वाटते का' एवढं विचारलं, तरी त्यानंतर त्यांनी शेअर केलेल्या बातम्या थोड्या बऱ्या निघाल्या. म्हणजे अक्कल असते हो, फक्त अंगठा तिच्या आधी पोचतो.

आमच्या ग्रुपवर मामा आहेत, रिटायर्ड सुभेदार, ते कधीच काही फॉरवर्ड करत नाहीत. यंदा तो बर्फाळ दाढीवाला परत आला तेव्हा त्यांनी एवढंच टाकलं, "तिथं एवढं तोंड उघडं ठेवून कोण उभं राहतंय रे, नाक गळून पडेल."

खाली तीन जय हिंद आले आणि मग कोणाचं तरी गुड मॉर्निंग.