बलून वेगळा, शॉकअप वेगळा

‘एअर सस्पेंशनची बस, म्हणजे हवेचे शॉकअप.’ बेळगावच्या सीबीटी बसस्थानकापासून निपाणीच्या गॅरेजपर्यंत हे ऐकून कान किटले. अहो, हवा असते ती बलूनमध्ये, म्हणजे वजन पेलणाऱ्या रबरी पिशवीत. शॉकअप, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर, त्याच्या शेजारी वेगळा बसवलेला असतो आणि तो तेलाचाच असतो.

घोळ मोटारसायकलीमुळे होतो. तिच्या मागच्या शॉकअपवर स्प्रिंग चढवूनच येते, म्हणून सगळं काम एकाच वस्तूचं वाटतं. वजन पेलते ती स्प्रिंग. आतली नळी वजन पेलत नाही, ती स्प्रिंगचं वरखाली होणं मारते: तेल बारीक भोकांतून रेटलं जातं आणि हिसक्याचा जोर उष्णतेत जिरतो. मोठ्या गाडीत हे दोन्ही भाग सुटे. एअर सस्पेंशनमध्ये पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, जाऊन बलून येतात. शॉकअप जिथल्या तिथे राहतात.

एवढं कळलं तरी निम्मा फालतू खर्च वाचेल. रात्री सरळ उभी केलेली बस सकाळी एका अंगावर कलली असेल, तर बलून, पाईप किंवा गाडीची उंची राखणारा लेव्हलिंग व्हॉल्व्ह गळतोय. तिथं शॉकअप बदलून काय उपयोग? उलट स्पीडब्रेकर ओलांडल्यावरही गाडी डुलतच राहिली, तर आधी शॉकअप बघा. उसाच्या ट्रकवर हात बसलेले मिस्त्री नेमके इथं फसतात. पाट्यावर पाटा घासतो आणि त्या घासण्यातच बरंचसं डुलणं मरतं, म्हणून शॉकअप मेलेला ट्रकही संकेश्वरच्या कारखान्यापर्यंत रेटता येतो. बलूनमध्ये तसं घासणारं काही नाही. शॉकअप गेलेली बस चोर्ला घाटात पाळण्यासारखी झुलते, शिवाय टायर जागोजागी खड्डे पडल्यागत झिजतात ते वेगळंच.

मग बलूनचा फायदा काय? ‘हवा मऊ असते’ हे उत्तर अर्धवट आहे. पाटा भरल्या गाडीच्या हिशेबानं कडक ठेवावा लागतो, म्हणून रिकामी गाडी आदळते. बलूनमधला दाब वजनाप्रमाणे बदलतो. प्रवासी चढून बॉडी खाली आली की अॅक्सलला जोडलेली दांडी लेव्हलिंग व्हॉल्व्ह उघडते, हवा भरते आणि गाडी मूळ उंचीला येते. प्रवासी पाच असोत की पंचेचाळीस, बस जवळपास सारखीच चालते. दर खड्ड्याला हवा भरते-सुटते ही मात्र निव्वळ थाप. व्हॉल्व्ह मुद्दामच सावकाश चालतो, नाहीतर कॉम्प्रेसर दिवसभर हवा भरतच बसेल.

एअर ब्रेकशी गल्लत करणारेही आहेत. कॉम्प्रेसर एकच असतो, पण ब्रेकच्या टाक्यांचा मान पहिला; बलूनची वाट उघडणारा व्हॉल्व्ह त्यानंतरचा.

एक राहिलं. पाटा अॅक्सलला जागेवरही धरतो, ते बलूनला जमत नाही; त्यासाठी वेगळे रॉड लागतात, त्यांच्या टोकांचे रबरी बुश तपासावे लागतात. म्हणून पुण्या-बेंगळुरूच्या बसला बलूनच हवेत, पण शिवारातून ऊस काढणाऱ्या गाडीला मी पाटेच म्हणेन. चिखलात, दगडधोंड्यांत बलून फाटला तर तो तालुक्यालाही मिळेलच असं नाही. पाटा चिकोडीत मिळतो, खानापुरातही मिळतो.