छिद्रं किती, यापेक्षा केवढी

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीच्या डिकीत सामानाला जागा उरत नाही, कारण तिथे जाड सिलिंडर बसलेला असतो. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि मिथेन नेहमीच्या तापमानाला कितीही दाबला तरी द्रव होत नाही. त्यासाठी त्याला उणे ८२ अंशांच्या खाली न्यावं लागतं. म्हणून तो २०० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे २०० पट दाबाने कोंबायचा, आणि तो दाब सोसेल अशी जाड, गोल टाकी करायची. कार्बनवर काम करणारे संशोधक कित्येक वर्षं वेगळी वाट शोधत आहेत : दाब ३५ बारच ठेवायचा, पण टाकीत आधी सच्छिद्र कार्बन भरायचा. दाब कमी असला की टाकी चपटी करून गाडीच्या तळाशीही बसवता येते.

वायूचे रेणू कार्बनच्या पृष्ठभागाला हलकेच चिकटतात. बंध तयार होत नाही, नुसतं आकर्षण असतं. दाब उतरला की ते सुटतात. हेच अधिशोषण. चिकटायला जागा हवी, म्हणून कार्बन आतून पोखरायचा.

जुनी रीत वाफेची. करवंटीचा कोळसा ८०० ते १००० अंशांना वाफेत तापवला, की वाफ थोडा थोडा कार्बन खाऊन छिद्रं पाडते. मिथेन साठवायचा तर पोखरण याहून खोल लागते, आणि तिथे पोटॅशियम हायड्रॉक्साइड कामाला येतं. कोळशाच्या तिप्पट-चौपट वजनाचं हे अल्कली त्यात मिसळून, हवा लागू न देता, नायट्रोजनच्या प्रवाहात ७०० ते ९०० अंशांपर्यंत तापवतात. कार्बनशी त्याची अभिक्रिया होऊन हायड्रोजन, पोटॅशियम कार्बोनेट आणि चक्क धातुरूप पोटॅशियम तयार होतं. या पोटॅशियमचे अणू कार्बनच्या थरांमध्ये घुसून ते फाकवतात. सगळ्या प्रक्रियेतली ही पायरी मला सर्वांत देखणी वाटते. नंतर आम्लाने आणि पाण्याने धुतल्यावर पोटॅशियम निघून जातं, फाकलेले थर मात्र पुन्हा मिटत नाहीत. हे काम जपून करावं लागतं : उरलेल्या पोटॅशियमला पाणी लागलं तर ते पेट घेतं, आणि तापलेलं अल्कली भांडंही खातं.

अशा एक ग्रॅम भुकटीचं पृष्ठफळ ३००० चौरस मीटरपर्यंत जातं, म्हणजे जवळजवळ ३० गुंठे. कार्बन अणूंचा एकच सुटा थर घेतला आणि त्याच्या दोन्ही बाजू मोजल्या, तरी हिशेब ग्रॅममागे २६३० चौरस मीटरवर थांबतो. वरचा आकडा काही अंशी थरांच्या उघड्या कडांमुळे येतो, आणि काही अंशी उणे १९६ अंशांना नायट्रोजन शोषवून मोजण्याची पद्धत बारीक छिद्रांत जरा जास्त मोजते म्हणून.

पण गाडीत जागा लिटरमध्ये मोजली जाते. मिथेनचा रेणू सुमारे ०.३८ नॅनोमीटरचा. छिद्र एक नॅनोमीटरच्या आसपास असेल, तर दोन्ही भिंती रेणूंना ओढून धरतात. ते रुंद झालं की मधले रेणू रिकाम्या टाकीत असावेत तसे मोकळेच राहतात. अल्कली किंवा तापमान वाढवत नेलं तर पृष्ठफळ वाढतं, पण छिद्रं रुंदावतात, भुकटी हलकी होते आणि लिटरमागे वायू उलट कमी मावतो. म्हणून घनता न सांगता नुसतं ग्रॅममागचं पृष्ठफळ मिरवणाऱ्या दाव्यांवर माझा विश्वास बसत नाही.

अमेरिकेत मिझुरी विद्यापीठातल्या पीटर फायफर यांच्या गटाने दाणे काढून उरलेल्या मक्याच्या कणसांपासून असा कार्बन बनवला आणि त्याच्या विटा पाडल्या. २००७ साली त्यांनी जाहीर केलं, की सुमारे ३५ बार दाबाला या विटांमध्ये त्यांच्या आकारमानाच्या १८० पट (साध्या हवेच्या दाबाला मोजलेला) नैसर्गिक वायू मावतो. त्याच दाबाला रिकाम्या टाकीत जेमतेम ३५ पट मावतो. कॅन्सस सिटीत एका पिकअप गाडीवर ही टाकी चालवूनही पाहिली.

अडचणी उरतातच. रेणू चिकटताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे झटपट भरलेली टाकी तापते आणि तिच्यात वायू कमी मावतो. गाडी चालताना उलट टाकी थंड होते, आणि काही वायू छिद्रांतच अडकून राहतो. शिवाय नैसर्गिक वायूतले प्रोपेन, ब्युटेन आणि गळती कळावी म्हणून घातलेले वासाचे गंधकी रेणू मिथेनपेक्षा घट्ट चिकटतात. भरण्यामागून भरण्या होत गेल्या की ते छिद्रं अडवत जातात, म्हणून मुख्य टाकीच्या तोंडाशी त्यांना आधीच अडवणारा कार्बनचा वेगळा, बदलता येणारा थर बसवावा लागतो.