बैठकांनी उंची खुंटते?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं एक समजूत जुनीच आहे: वाढत्या पोरानं दंड-बैठका मारल्या की उंची खुंटते. खुंटत नाही. उंची मुख्यतः आनुवंशिकतेवर ठरते, मग आहारावर आणि आजारपणावर. हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते, म्हणजे जिथून हाड लांब होतं तो मऊ भाग. तिला धोका जोराच्या दुखापतीचा, बैठकांचा नव्हे. तालमीतला पैलवान बुटका वाटतो तो रुंदीमुळं! उलट जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं शारीरिक हालचाल सांगते, त्यात आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू-हाडं बळकट करणारी. आणि पीटीचा तास गणिताला देणाऱ्यांनी २००९ चा शिक्षण हक्क कायदा काढून बघावा. मैदान त्यात आहेच, शिवाय सहावी ते आठवीत १०० हून जास्त मुलं असतील तर शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षकही. शाळा मराठी असो वा कन्नड.